ढेपेतून दुधात, दुधातून देहात

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरला की मोताळ्याचा मुलूख लागतो. नळगंगेच्या खोऱ्यातील हा तालुका कापसाचा. जोडीला मका, सोयाबीन आणि तूर. कापूस वेचून जिनिंगला गेला की रुई आणि सरकी वेगळी होते. रुई सूतगिरणीची वाट धरते, सरकीचे तेल निघते आणि मागे उरलेली ढेप पुन्हा गावात येते ती म्हशीच्या गव्हाणीत. म्हशीचे थोडे दूध घरात राहते, उरलेले डेअरीला जाते. शेतात फवारलेले रसायन माणसाच्या शरीरात कसे पोहोचते, याचे याहून सरळ उदाहरण शोधावे लागणार नाही. या वाटेने किती रसायन चालत आले हे मोजण्याची शास्त्रीय रीतही ठाऊक आहे. मात्र आपल्याकडे ही मोजणी बहुधा शहराच्या वेशीशी थांबते.

ज्या रसायनांविषयी येथे बोलावयाचे आहे त्यांना 'दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषके' म्हणतात. यातील 'सेंद्रिय' शब्दाने गोंधळ होण्याचा संभव आहे. सेंद्रिय शेतीतला सेंद्रिय तो हा नव्हे. कार्बनयुक्त संयुगे एवढाच त्याचा रसायनशास्त्रीय अर्थ. ही संयुगे ऊन, पाणी व जिवाणू यांना सहजासहजी दाद देत नाहीत आणि माती, गाळ व प्राणिदेहात वर्षानुवर्षे टिकतात. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र चटकन विरघळतात. त्यामुळे शरीरात शिरलेला अंश लघवीवाटे निघून जाण्याऐवजी मेदात साठतो. गवतापेक्षा दुधात, लहान माशापेक्षा मोठ्या माशात त्यांची तीव्रता अधिक, हा त्याचाच परिणाम. शिवाय उष्ण प्रदेशात त्यांची वाफ होते आणि थंड प्रदेशात ती खाली उतरतात. म्हणूनच ज्यांनी कधी शेत पाहिले नाही अशा उत्तर ध्रुवाजवळच्या माणसांच्या रक्तातही ती आढळली.

२२ मे २००१ रोजी स्टॉकहोम येथे या रसायनांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारण्यात आला आणि १७ मे २००४ पासून तो अमलात आला. भारताने १३ जानेवारी २००६ रोजी त्याला मान्यता दिली. पहिल्या यादीत बारा रसायने होती : डीडीटी, आल्ड्रिन, डिल्ड्रिन, एंड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर, मायरेक्स, टॉक्साफीन आणि हेक्झाक्लोरोबेंझिन ही नऊ कीडनाशके व बुरशीनाशके, विद्युत उपकरणांच्या तेलातील पीसीबी, आणि कोणीही मुद्दाम न बनवता जळणातून व कारखान्यांतून निर्माण होणारी डायॉक्सिन व फ्युरान. २००९ मध्ये लिंडेन व त्याची भावंडे, २०११ मध्ये एंडोसल्फान यादीत आले. यादी अजून वाढतेच आहे.

गावाला ओळखीची नावे

ही नावे परकी वाटली तरी त्यांतली कित्येक विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यांना चांगली ठाऊक आहेत. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये व निर्मूलन कार्यक्रम १९५८ मध्ये सुरू झाला आणि डीडीटीचे फवारे घराघरांत पोहोचले. घराच्या भिंतींवर, काही ठिकाणी गोठ्यातही, पांढरट थर बसत असे. या फवाऱ्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख लोक दगावत, असा अंदाज होता. १९६० च्या दशकाच्या मध्यास रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली होती. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते उगाच नव्हे. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी तयार होत असे.

शेतीत बीएचसीची भुकटी स्वस्त म्हणून लोकप्रिय होती. ती पिकावर धुरळली जाई. साठवणीच्या धान्याला कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला आणि राख यांची जागाही अनेक घरी पावडरीने घेतली. वाळवीसाठी आल्ड्रिन, बोंडअळीसाठी पुढे एंडोसल्फान. एंड्रिन हे नाव तर ग्रामीण बोलीत विषाचा पर्यायी शब्दच होऊन बसले होते.

एंड्रिनने माणूस काही तासांत दगावू शकतो. तो विषाचा एक प्रकार. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतमजुरांचे जे बळी गेले तेही तत्काळ विषबाधेचे. दीर्घस्थायी रसायनांचा आहारातून होणारा संपर्क याहून निराळा आहे. त्यात कोणी अत्यवस्थ होत नाही, कोणाला रुग्णालयात न्यावे लागत नाही, पंचनामा होत नाही. संप्रेरकांच्या कार्यात अडथळा, गर्भाच्या वाढीवर परिणाम, प्रतिकारशक्तीत घट आणि काही कर्करोगांचा वाढलेला धोका असे त्याचे परिणाम मोठ्या लोकसंख्येच्या दीर्घ अभ्यासातूनच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेनला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण, तर डीडीटीला संभाव्य कारण ठरवले. जे दिसत नाही ते मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून येथे मापनाला एवढे महत्त्व.

शंभरातले चौऱ्याहत्तर

महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयावरचा सर्वांत बोलका आकडा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतला आहे. परिषदेने बारा राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले व १९९३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचे अंश होते. त्या वेळची मर्यादा दर किलो दुधात ०.०५ मिलिग्रॅम होती. देशभरातले ३७ टक्के नमुने तिच्या वर होते. राज्यवार पाहता महाराष्ट्र पहिला : ७४ टक्के नमुने मर्यादेबाहेर. त्याखालोखाल गुजरात ७०, आंध्र प्रदेश ५७, हिमाचल प्रदेश ५६ आणि पंजाब ५१ टक्के. उर्वरित राज्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. एका नमुन्यात तर डीडीटी किलोमागे २.२ मिलिग्रॅम भरले. याच पाहणीत वीस कंपन्यांच्या बालदूध भुकटीचे १८६ नमुने होते. सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी आणि ९४ टक्क्यांत बीएचसी सापडले.

या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००० मध्ये डीडीटीसाठी सह्य दैनिक मात्रा ठरवली ती अशी : शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलो वजनाच्या शेतकऱ्याला दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. त्याने मर्यादेइतके, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम डीडीटी असलेले दूध अर्धा लिटर घेतले, तर शरीरात ०.०२५ मिलिग्रॅम जाईल. मुभेच्या पाच टक्के. चिंतेचे फारसे कारण नाही. आता तेच दूध पाच किलो वजनाच्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला द्या. त्याची मुभा केवळ ०.०५ मिलिग्रॅम. ते दिवसाला पाऊण लिटर प्यायले तर ०.०३७५ मिलिग्रॅम, म्हणजे मुभेच्या ७५ टक्के एकट्या दुधातून गेले. आणि दूध त्या २.२ मिलिग्रॅमच्या नमुन्यातले असेल, तर अर्ध्या लिटरने प्रौढाची मुभाही दुपटीहून अधिक ओलांडली जाते. ही मात्रा आयुष्यभराच्या रोजच्या सेवनासाठी असते, एखाद्या दिवशी ती ओलांडल्याने लगेच अपाय होतो असे नाही. पण बाळाचा आहार रोज तोच असतो हे विसरून चालणार नाही.

दूध तापवल्याने हे अंश जात नाहीत. साय काढून लोणी कढवले की ते सायीबरोबर तुपात जातात. साडेसहा टक्के स्निग्धांशाच्या म्हशीच्या दुधात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम डीडीटी असेल, तर त्याच दुधाच्या तुपात ते पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास भरते. म्हणून प्रयोगशाळा दुधाचा निकाल अनेकदा स्निग्धांशावर सांगतात, आणि वर्तमानपत्रात दोन आकड्यांची तुलना करताना एक दुधावरचा व दुसरा स्निग्धांशावरचा, असा घोळ होतो. पंधरापट फरकाचा घोळ आहे हा.

जपानच्या एहिमे विद्यापीठातील के. कन्नन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या तपासणीवरून रोजच्या सेवनाचा अंदाज बांधला होता : माणशी डीडीटी ४८ मायक्रोग्रॅम आणि बीएचसी गटातील रसायने ११५ मायक्रोग्रॅम. मुख्य स्रोत कोणता, तर दूध, लोणी आणि मटण. धान्यात अंश कमी, पण ते पोटभर खाल्ले जाते. दुधात अधिक, आणि ते लहान मुलांच्या वाट्याला जाते. विकसित देशांच्या तुलनेत हे सेवन पुष्कळच जास्त होते.

बंदीनंतर काय झाले

डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला. हिवतापासाठी तो चालू राहिला. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर १९९६ मध्ये गेले. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी अंतरिम बंदी घातली. केरळच्या कासरगोडमधील काजूच्या बागांवर झालेल्या हवाई फवारणीचा प्रश्न त्यामागे होता. लिंडेनचा वापर २०१३ मध्ये थांबला.

या बंद्यांचा परिणाम झाला, हे मान्य केले पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातील दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांत कीडनाशकाचा अंश मर्यादेबाहेर गेलेला नमुना केवळ एक होता. चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या पार्श्वभूमीवर हा बदल लहान नाही. आता प्रश्न येतो तो नमुने कोठून घेतले याचा. पाहणी ५० हजारांहून अधिक लोकसंख्येच्या १,१०३ शहरांत व गावांत झाली. मोताळ्यासारखे तालुक्याचे ठिकाण त्या चाळणीतून आपोआप गळते. शहरी ग्राहकाच्या पिशवीतले दूध शेकडो गोठ्यांचे मिसळलेले असते. एका गोठ्यातला दोष त्यात विरून जातो. मोताळा तालुक्यातील घर मात्र एकाच म्हशीचे दूध वर्षभर पिते, आपल्याच शेतातली तूर आणि ज्वारी खाते, आपल्याच विहिरीचे पाणी काढते. त्या घरासाठी सरासरी फारशी उपयोगाची नाही.

याउलट उदाहरण द्राक्षांचे. २००३ मध्ये महाराष्ट्रातून गेलेली द्राक्षे कीडनाशकांच्या उर्वरित अंशामुळे युरोपात अडली. त्यानंतर 'अपेडा'ने उर्वरित अंश देखरेखीची योजना आखली, पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, आणि निर्यातीच्या बागेची नोंदणी होऊन तिथला नमुना तपासल्याशिवाय माल बंदरावर जात नाही अशी घडी बसली. नाशिकच्या कोणत्या बागेतले द्राक्ष कोणत्या पेटीत आहे हे सांगता येते. युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी जे जमले ते घरच्या गिऱ्हाइकासाठी अशक्य होते असे म्हणण्यात अर्थ नाही. तिथे माल परत येण्याची भीती होती, इथे दूध परत करणारे कोणी नाही, इतकेच.

देशांतर्गत मालासाठी व्यवस्था नाही असेही नव्हे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचा उर्वरित अंशांविषयीचा प्रकल्प १९८० च्या दशकापासून चालू आहे आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्याचे केंद्र आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या राष्ट्रीय देखरेख योजनेत २०१४-१५ या वर्षी २०,६१८ नमुने तपासले गेले. १८.७ टक्के नमुन्यांत अंश आढळले, ५४३ म्हणजे २.६ टक्के नमुने मर्यादेबाहेर होते. २००३ मध्ये शीतपेयांतील कीडनाशकांचे प्रकरण गाजले, शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, २००४ मध्ये तिचा अहवाल आला. या विषयाकडे देशाचे लक्ष वेधले गेले ते त्या वेळी. बाटलीतल्या पेयावरून एवढे रण माजले आणि दुधाचा जुना अहवाल मात्र तज्ज्ञांच्या कपाटातच राहिला, हा आपल्या सार्वजनिक चर्चेचा नमुना म्हणावा लागेल.

बाजार मोजायचा की ताट?

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. 'कमाल अवशेष मर्यादा' हे मालाचे माप आहे. शेतकऱ्याने औषध नियमाप्रमाणे वापरले की नाही, हे त्यावरून कळते. खाणाऱ्याच्या पोटात किती गेले, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक पदार्थातील अंश त्या पदार्थाच्या रोजच्या सेवनाने गुणायचा, सर्व पदार्थांची बेरीज करायची, तिला शरीराच्या वजनाने भागायचे आणि येणारा आकडा सह्य मात्रेशी ताडून पाहायचा. एकही पदार्थ मर्यादेबाहेर नसताना बेरीज मात्रेच्या जवळ जाऊ शकते. बंदी असलेल्या रसायनांच्या बाबतीत तर 'नियमाप्रमाणे वापर' हा प्रश्नच उरत नाही. मातीत जुने शिल्लक आहे ते येणारच, म्हणून जागतिक अन्नसंहितेत डीडीटीसाठी वेगळ्या प्रकारची, बाह्य प्रदूषणाची मर्यादा असते. दुधासाठी ती किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम आहे.

ताट मोजण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. पहिली संपूर्ण आहार पाहणी. लोक जे खातात ते पदार्थ बाजारातून व घरांतून आणायचे, ते घरच्यासारखे निवडून, धुऊन, शिजवून मग तपासायचे. कच्च्या वांग्यावरचा अंश धुण्याने कमी होतो, मेथीचा देठ टाकला जातो, तूर भिजते; ताटात जे उरते तेच मोजावे हा त्यामागचा विचार. अमेरिकेत अशी पाहणी १९६१ पासून चालू आहे, आणि तिची सुरुवात कीडनाशकांमुळे नव्हे तर अणुचाचण्यांच्या किरणोत्सारी धुळीमुळे झाली होती. दुसरी पद्धत दुसऱ्या ताटाची : घरातील माणूस दिवसभरात जे जे खाईल-पिईल त्याचा तेवढाच वाटा एका डब्यात ठेवायचा आणि संध्याकाळी तो डबा प्रयोगशाळेला द्यायचा. भाकर, वरण, ठेचा, भाजी, चहा, सर्व काही. खर्चिक आणि किचकट खरी, पण आपल्या गोठ्यावर व शेतावर जगणाऱ्या कुटुंबासाठी याहून प्रामाणिक माप नाही.

सेवनाची माहिती मिळवणे ही अर्धी लढाई असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या राष्ट्रीय पोषण देखरेख विभागाने १९७२ पासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या खेड्यांत घरोघर जाऊन चोवीस तासांचा आहार टिपला. रसायनांची मोजणी करणारे एका खात्यात, आहाराची मोजणी करणारे दुसऱ्या खात्यात, आणि दोघांचे आकडे एका कागदावर क्वचितच येत, ही खरी अडचण.

प्रयोगशाळेतील काम वेळखाऊ आहे. दुधातून प्रथम चरबी वेगळी काढावी लागते, मग चरबीतून रसायन. त्यानंतर वायुवर्णलेखन यंत्रात मिश्रणाचे घटक सुटे होतात आणि इलेक्ट्रॉन ग्रहण करणारा शोधक क्लोरीनयुक्त संयुगे टिपतो. हा शोधक ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये बनवला. तो नसता तर अन्नातील डीडीटी दिसायला आणखी बराच काळ गेला असता. हल्ली त्याला वस्तुमान वर्णपटमापकाची जोड असते. डायॉक्सिन तर ग्रॅमच्या लाखकोटीव्या भागात मोजावे लागते; त्याची यंत्रे देशात मोजकीच आहेत.

अहवाल वाचताना 'आढळले नाही' या शब्दांपाशी थांबावे. त्याचा अर्थ शून्य असा नसून यंत्राच्या दृष्टीच्या टप्प्याखाली, असा आहे. शोधमर्यादा ढोबळ असेल तर सारे नमुने 'स्वच्छ' ठरतात. म्हणून सेवनाचा हिशेब करताना 'न आढळलेल्या' नमुन्यांना एकदा शून्य आणि एकदा शोधमर्यादेइतका आकडा देऊन दोन टोके काढण्याची रीत आहे. खरे उत्तर त्यांच्या मध्ये कोठेतरी असते.

आणखी एक गोष्ट हाच अहवाल सांगू शकतो. डीडीटीचे शरीरात व मातीत हळूहळू डीडीई होते. नमुन्यात डीडीई जास्त आणि मूळ डीडीटी नगण्य असेल तर प्रदूषण जुने. मूळ डीडीटीचे प्रमाण मोठे असेल तर कोणीतरी अलीकडे ते वापरले आहे, बंदी असो वा नसो. बीएचसीतही असेच. त्याच्या अनेक रूपांपैकी कीटक मारणारे गॅमा हे रूप, म्हणजे लिंडेन, दहा ते पंधरा टक्केच असते. शरीरात सर्वांत चिवटपणे उरते ते बीटा. नुसता एकूण आकडा न देता रूपवार आकडे दिले तर अहवाल स्वतःच साक्ष देतो.

आईचे दूध

माणसाच्या शरीरात एकूण किती साठले, हे पाहण्यासाठी जगभर वापरला जाणारा नमुना आईच्या दुधाचा आहे. सुई टोचावी लागत नाही, चरबी आयती मिळते आणि बाळाला किती मिळते तेही कळते. जागतिक आरोग्य संघटनेची ही पाहणी १९८७ पासून होत आहे. स्टॉकहोम करार अमलात आल्यावर तो यशस्वी ठरतो आहे का, हे तपासण्याचे हवेबरोबरचे हे दुसरे प्रमुख माप ठरले. पहिलटकरणींचेच दूध घेतात, कारण आईचा साठा प्रत्येक बाळाबरोबर कमी होत जातो आणि सर्वांत मोठा वाटा पहिल्याला मिळतो. साधारण पन्नास मातांचे नमुने एकत्र करून एक नमुना बनवला जातो.

हे वाचून कोणत्याही आईने अंगावर पाजणे थांबवू नये. आरोग्य संघटनेची भूमिका या बाबतीत निःसंदिग्ध आहे : स्तनपानाचे लाभ या अंशांच्या धोक्याहून मोठे आहेत. शिवाय वर दिलेला बालदूध भुकटीचा आकडा पाहिला तर डबा हा सुटकेचा मार्ग नव्हता, हेही उघड आहे. दुधातला अंश कमी करायचा तो आईच्या आहारातून, आणि तोही तिच्या लहानपणापासून, कारण डीडीईचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायलाच कित्येक वर्षे लागतात.

कीडनाशकांखेरीज उरलेल्या प्रदूषकांविषयी थोडक्यात. पीसीबी जुन्या रोहित्रांच्या, म्हणजे गावाच्या भाषेत डीपीच्या तेलात असू शकते. २०१६ च्या केंद्रीय आदेशाने त्याचा सर्व वापर संपवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घातली. गळके तेल जमिनीत जाते आणि तिथे चरणाऱ्या कोंबड्या-शेळ्यांत येते. डायॉक्सिन प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, उघड्यावर जाळल्याने निर्माण होते. उकिरड्यावर दाणे टिपणारी गावरान कोंबडी मातीतला कण अन् कण पोटात घेते, म्हणून तिचे अंडे हे अशा मातीचे सर्वांत स्वस्त मापनयंत्र मानले जाते. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये पीसीबीयुक्त तेल पशुखाद्यात मिसळले गेले आणि देशभरच्या कोंबड्या व अंडी बाजारातून काढावी लागली, तिथे सरकारही पडले. आपल्या ढेपेला हीच कसोटी लावायला हरकत नाही.

बुलढाण्याचा अनुभव

अन्नातल्या दोषाचा शोध आपल्याकडे केव्हा लागतो, याचे उदाहरण याच जिल्ह्यात घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत काही दिवसांत माणसांचे केस गळून टक्कल पडू लागले. आरोग्य खाते आले, जानेवारीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, रक्त, पाणी व धान्याचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियम हे दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषक नव्हे, मूलद्रव्य आहे. परंतु केस गळले म्हणून गहू तपासला गेला, आधी तपासलेल्या गव्हामुळे केस वाचले असे झाले नाही. डीडीई किंवा डायॉक्सिनने केस गळत नाहीत; तेथे पथकाला बोलावणारे लक्षणच नाही.

विदर्भात यासाठी लागणारे ज्ञान दूर नाही. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'नीरी', २०११ पासून स्टॉकहोम कराराचे आशियातील विभागीय केंद्र म्हणून काम करते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या पट्ट्यातील पिके व फवारण्या जाणते. तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत पहिलटकरणींची नोंद असतेच.

आणि घाई करण्याचे एक ताजे कारणही आहे. क्लोरपायरिफॉस हे औषध कापसावर, तुरीवर व वाळवीसाठी विदर्भात सर्रास वापरले जाते. २०२५ मध्ये जीनिव्हा येथे झालेल्या बैठकीत ते, काही सवलतींसह, स्टॉकहोम कराराच्या बंदीयोग्य यादीत घालण्यात आले. यादीत आले म्हणजे भारतात बंद झाले असे होत नाही. करारातील प्रत्येक नव्या रसायनाला भारत स्वतंत्र संमती देतो. २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा सात रसायनांना एकदम संमती दिली, तोवर त्यांतील काहींना यादीत येऊन अकरा वर्षे झाली होती. क्लोरपायरिफॉसला किती लागतील ते लागतील. तोवर मोताळ्याच्या चार-दोन गावांतून ढेप, तिच्यावरच्या म्हशींचे दूध, त्या दुधाचे तूप, गावरान अंडी आणि विहिरीचे पाणी यांचे नमुने एकदा फवारणीपूर्वी व एकदा हंगाम संपल्यावर घेता येतील. त्यांचा अर्धा भाग तपासायचा आणि अर्धा उणे वीस अंशांवर जपून ठेवायचा. दहा वर्षांनी यादीत येणाऱ्या आणखी एखाद्या रसायनाचे मूळ प्रमाण त्या बर्फातल्या बाटल्यांतूनच काढता येईल.